तीस दिवसांची मोफत चाचणी

तीन प्रोग्रॅम उतरवून घेतलेत.
एक सरकारी, फुकट, माझ्या नोकरीहून जुना,
करड्या खिडक्यांचा; चुकलं की नुसता
चुकीचा नंबर सांगतो, खुलासा नाही,
माझ्या पहिल्या साहेबासारखा.
दुसरा वर्षाला चार हजार डॉलर.
तिसऱ्याची किंमत फोन करून विचारावी लागते
आणि फोनवरचा मुलगा आधी
माझा शनिवार-रविवार कसा गेला ते विचारतो.

जमीन तीच. एकेचाळीस एकर,
गेल्या उन्हाळ्यापर्यंत पीचची बाग.
झाडं उपटलीत, खड्डे तसेच,
प्रत्येकात साउथ कॅरोलायनाची लाल माती कालवलेलं पाणी.
इथे शहाऐंशी घरं. छपरं, ड्राइव्हवे,
दोन-दोन गाड्यांची गॅरेजं.
मुरायचा तो पाऊस आता घसरणार.
किती, केव्हा, आणि थोपवायला
केवढं तळं खणू, एवढंच विचारायचं होतं.

तिघांना पाऊसही एकच दिला:
पंचवीस वर्षांतून एकदा येणारा, चोवीस तासांचा,
तक्त्यातून काढलेला, इस्त्री केलेला पाऊस.

सरकारी म्हणाला, दोन एकरांचं तळं.
तिसरा म्हणाला, एक पूर्णांक नऊ,
आणि सिनेमा दाखवला, त्यात पाणी निळं.
(सव्वीस वर्षं या जिल्ह्यात काम करतेय,
निळं पाणी मी पाहिलं ते दंतवैद्याकडे.)
दुसरा म्हणाला, सव्वा एकर पुरे.

मेरिट सोस्बी, बागेचा नवा मालक,
माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.
"हा दुसरा बरा," म्हणाला, "वापरायला सोपा दिसतो."
पाऊण एकर म्हणजे चार घरं.
कुठे पाणी मुरतंय ते कळायला
सॉफ्टवेअर लागत नाही.

रात्री मॅन्युअल वाचलं. पान दोनशे बारा, तळटीप:
खालच्या टोकाला पाणी मोकळं वाहून जातं
असं गृहीत धरलं आहे.
म्हणजे वळणाचं पाणी वळणावर जातं,
या एका म्हणीचे चार हजार डॉलर.

सकाळी खालच्या टोकाला गेले.
तिथे रस्त्याखाली चोवीस इंची मोरी
आणि मोरीला लागून ऑडेसा गँटचं घर.
तिने गॅरेजचं दार वर केलं.
भिंतीवर सुताराच्या पेन्सिलीने खुणा:
डावीकडे नातवंडांची उंची, उजवीकडे पाण्याची.
पेन्सिल एकच, अक्षर एकच.
सप्टेंबरचं पाणी
सात वर्षांच्या क्विन्सीपेक्षा चार बोटं उंच.

"ओढा नाही हो येत," ती म्हणाली.
"मोरीचं पोट भरतं, मग ती ढेकर देते."

मी टेप लावून मोजलं. तिने टेपचं दुसरं टोक धरलं,
आणि क्विन्सीची खूण पुसू नका, एवढंच बजावलं.

परत येऊन तुंबलेली मोरी आकड्यांत घातली.
आता सप्टेंबरचाच पाऊस, जसा पडला तसा.
दुसऱ्यात तो रकानाच नाही.
तिसऱ्यात आहे, पण पैसे भरल्यावर उघडतो.
करडा म्हातारा सहा वेळा कोसळला,
सातव्या वेळी, रात्री पावणेदोनला, चालला,
आणि प्रवाहाच्या रकान्यात एक आडवी रेघ आली:
उणे.
पाणी मागे फिरलं होतं.
चढत चढत गॅरेजात शिरलं
आणि क्विन्सीच्या कपाळाशी थांबलं.
चार बोटं आणि एक कपाळ कमीच.
तरी तिघांत त्यालाच तिचं घर सापडलं.

मग पंचवीस वर्षांचा पाऊस पुन्हा त्याला दिला.
तळं सव्वादोन एकर. कपाळापुरतं मी वर वाढवलं,
ते कुठल्या सूत्राने, असं तपासनीस विचारील.
सोस्बी दुसरा इंजिनियर शोधेल बहुतेक,
दुसरं सॉफ्टवेअर असलेला.

चाचणीचे एकोणीस दिवस उरलेत.
आत्ताच त्या मुलाचा फोन आला.
कसा गेला शनिवार-रविवार?
सांगितलं, एका गॅरेजात गेला.
तो जरा थांबला,
मग म्हणाला, नोंद करून ठेवतो, मॅडम.